चार सेकंदांचा भोंगा

मित्रांनो, ज्या आवाजावर तुम्ही वरातीत नाचलात, तो आवाज माझा आहे. मी येलदरीच्या धरणाजवळचा एक जुना भोंगा आहे.

माझं काम एकच. नदीत पाणी सोडण्याआधी ओरडायचं, एकेक मिनिट, तीन वेळा. मी ओरडलो की पूर्णेच्या पात्रातले लोक जाळी गुंडाळत, बैल हाकत काठावर चढत. पहारेकरी दत्ता मला महिन्याला तेलपाणी करी. माझं कौतुक तेवढंच.

दोन वर्षांपूर्वी झरीचा हरिओम आला. तो लग्नांत डीजे वाजवी आणि संगणकावर स्वतःची गाणीही बनवी.

"दत्तामामा, भोंग्याचा आवाज मोबाईलवर घेऊ का?"

"घे की. घेतल्यानं आवाज काय झिजतो का?"

हरिओमने माझे चार सेकंद कापले आणि खाली हलगी घातली. गाण्यात मी चढत जायचो, क्षणभर सगळं शांत व्हायचं, मग असा दणका बसायचा की म्हातारेही उड्या मारायचे. गाणं परभणीतून पार पुण्यापर्यंत गेलं. खरं सांगतो, मला गर्व झाला. जन्मभर मला ऐकून लोक पळाले होते, आता नाचत होते.

मग गेल्या वैशाखातली ती दुपार आली. काठावरच्या मंदिराजवळ लग्न होतं, डीजे हरिओमचाच आणि गाणंही तेच. पात्रातल्या खडकावर केशरबाई आणि त्यांची सून पिंकी जाळं ओढत होत्या. मला त्या उंचावरून दिसत होत्या. खाली खोलीत बसलेल्या दत्ताला दिसत नव्हत्या. त्याने खटका दाबला. मी ओरडलो. वरातीतल्या पोरांनी उलट हात वर करून ताल धरला.

"आत्याबाई, भोंगा वाजायलाय," पिंकी म्हणाली.

"लग्नातलं गाणं हाय ते. तू जाळं धर."

मी दुसऱ्यांदा ओरडलो. मित्रांनो, मला शब्द येत नाहीत. 'उठा' एवढंही म्हणता येत नाही. तिसऱ्यांदा ओरडताना माझी जुनी मोटार जळेल की काय असं वाटलं, पण त्या दोघी वळल्या नाहीत. वर धरणाचा दरवाजा उघडू लागला होता.

हरिओम मात्र थबकला. त्याचा तुकडा चार सेकंदांत संपायचा. हा आवाज संपतच नव्हता. त्याने गाणं बंद केलं. तरी मी ओरडतच होतो. त्याने माईक ओढला.

"आरं, हा माझा न्हाई! खरा भोंगा हाय! केशरबाई, जाळं सोडा, भाईर पळा!"

वऱ्हाड धावलं. पाणी दोघींच्या कमरेला लागलं होतं. नवरदेवाच्या मामाने फेटा सोडून फेकला, पिंकीने तो एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने सासूला. जाळं गेलं. माणसं वाचली.

केशरबाई काठावर कापत बसल्या होत्या. हरिओम समोर येऊन उभा राहिला.

"लेकरा," त्या म्हणाल्या, "गाणं लय भारी हाय तुजं. पण भोंगा आमचा होता रं."

त्याच दिवशी त्याने मला गाण्यातून काढलं. पण तोवर मी हजारो मोबाईलांत शिरलो होतो. तिथून मला कोण काढणार?

मित्रांनो, कुणाचा आवाज घ्यायचा तर जरूर घ्या. पण तो कशासाठी ओरडतो, हे आधी विचारा. आजही मी वाजलो की पात्रातले लोक आधी हसतात, मग उठतात. तेवढ्या हसण्यात पाणी दहा पावलं पुढं आलेलं असतं.