फाटकाच्या जागी भिंत

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. दिग्रसमध्ये एका घराच्या मागच्या अंगणात माझा मुक्काम असतो. मला छत नाही, दारंही नाहीत. माझा रंग पोपटी आहे, पण उन्हानं तो जागोजागी उडाला आहे. मला पाहिलं की माणसं पहिला प्रश्न विचारतात, "ही चालते का?" मध्यंतरी या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. असं का झालं, ते आज तुम्हाला सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी राखाडी रंगाची होते. मला पहिल्यांदा घेतलं ते बाबूसिंग मुकादमांनी. ते रस्त्याच्या कामांवर मजूर पुरवायचे. माझ्या मागच्या बाकांवर दहा-बारा माणसं बसायची, पायाशी फावडी, घमेली आणि पाण्याची पिंपं असायची. तांड्यावरच्या दोन बाळंतिणींना मी वेळेवर दवाखान्यात पोचवलं, याचा मला अजून अभिमान वाटतो. पुढं बाबूसिंग थकले. त्यांनी मला घरासमोर उभं केलं आणि माझ्या काचेवर खडूनं लिहिलं, 'विकणे आहे'.

पुष्कळ लोक आले आणि टायरला लाथ मारून निघून गेले. मग एका रविवारी एक कुटुंब आलं. इंद्रजित सर शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांची पत्नी दीपाताई खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. बरोबर सरांची आई इंदूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी उर्वशी. एका नव्या गाडीपुरते पैसे त्यांनी जमवले होते, आणि त्यात कोणती गाडी घ्यावी यावर घरात महिनाभर वाद चालला होता. तो वाद ते माझ्यापुढंही घेऊन आले.

दीपाताईंनी मला सगळीकडून पाहिलं. "ना छत, ना दारं. आईचे गुडघे दुखतात, त्यायले इतक्या वर कसं चढवान? अन् पावसापाण्याचं मी ड्युटीवर कशी जाऊ?"

"सगळं कबूल," सर म्हणाले. त्यांचा हात माझ्या बॉनेटवर होता. "पण आजवर आपण कामाच्याच वस्तू घेतल्या ना दीपा? कपाट घेतलं, फ्रीज घेतला, शिलाई मशीन घेतली. एक तरी वस्तू मनासाठी घेऊ दे."

"मनासाठी! मनात बसून ड्युटीवर जाता येते काय?"

इंदूबाई ओट्यावर बसून चहा पीत होत्या. तेवढ्यात उर्वशी म्हणाली, "पप्पा, नवीच कायले पायजे? जुन्या दोन घ्या. एक आईच्या कामाची, एक तुमच्या मनाची."

बाबूसिंग खळखळून हसले. "पोरीनं मिटवलं भांडण! सर, मी भाव कमी करतो. पण गाडीले जीव लावजा."

अशी मी त्या घरात आले. आठवड्यानं पुसदहून एक छोटी पांढरी गाडी आली. तिला छत होतं, काचा होत्या, पावसात चालणारे वायपर होते. ती पुढच्या अंगणात राहायची आणि मी मागच्या. मागच्या गल्लीकडं उघडणारं एक लोखंडी फाटक खास माझ्यासाठी होतं.

पांढरी गाडी रोज सकाळी दीपाताईंना घेऊन कामावर जायची. माझा वार रविवार. सरांनी मला स्वतः घासून पोपटी रंग दिला. आम्ही अरुणावतीच्या धरणावर जायचो. चौदा एप्रिलला माझ्यावर निळे झेंडे लागायचे आणि गल्लीतली पोरं माझ्या बाकावर जागेसाठी भांडायची. इंदूबाईंना चढवायला सरांनी एक लाकडी पाट केला होता. एकदा चढल्या की त्या पदर कानामागं घट्ट खोचायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता पळव." दीपाताई मात्र क्वचितच बसायच्या. बसल्या तरी दोन्ही हातांनी दांडा धरून, डोळे मिटून. त्यांना मी आवडत नाही, असंच मला वाटायचं.

मग तो हिवाळा आला. दारव्ह्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तूर फुललेली होती. सर चालवत होते, शेजारी उर्वशी होती. ती बारावीचं काहीतरी सांगत होती आणि सर हसत होते. एकाएकी त्यांचं हसू थांबलं. स्टीअरिंगवरचे त्यांचे हात लाकडासारखे कडक झाले आणि पाय ॲक्सिलरेटरवर दाबला गेला. मी ओरडू शकत नव्हते. मी फक्त पळाले, रस्ता सोडून, उतारावरून, सरळ तुरीत.

"पप्पा! पप्पा!" उर्वशीनं कशीबशी चावी फिरवली. मी धडपडत बांधाला जाऊन थडकले.

माझ्या बंपरपासून चार हातांवर हंसाबाई नावाची बाई उभी होती. तिच्या कडेवर नातू होता. ती जागची हललीही नव्हती. क्षणभरानं तिनं नातवाला खाली ठेवलं आणि धावत येऊन सरांना कुशीवर वळवलं. त्यांच्या तोंडातून फेस येत होता. उर्वशीच्या कपाळातून रक्त वाहत होतं. "रडू नको माय," हंसाबाई तिला म्हणत होती, "सोडते आकडी. थांब थोडी."

आकडी सुटली. उर्वशीच्या कपाळाला टाके पडले, माझा दिवा फुटला, एवढंच नुकसान. पण यवतमाळच्या डॉक्टरांनी सरांना सांगितलं, गोळ्या चालू ठेवायच्या आणि गाडी चालवायची नाही. मला ओढून घरी आणलं, त्या दिवशी दीपाताई म्हणाल्या, "विकून टाकू हिले." सर माझ्या फुटक्या दिव्याच्या काचा वेचत राहिले. मी मागच्या अंगणात उभी राहिले.

सर रोज संध्याकाळी येऊन माझ्यात बसायचे. एकदा त्यांनी खिशातून चावी काढली आणि लावली. मी सुरू झाले. फाटक उघडंच होतं. त्यांनी क्लच दाबला. समोर गल्लीत शेजारच्या पोरी लंगडी खेळत होत्या. सरांनी मला बंद केलं आणि ते किती तरी वेळ स्टीअरिंगवर डोकं टेकवून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उकंडा मिस्त्रीला बोलावलं. "हे फाटक काढून टाक. इथं भिंत घाल."

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. "सर, मंग गाडी बाहेर कशी निघन? घराच्या बाजूच्या बोळीतून तर माणूसच जाते."

"नाही निघत. आतच राह्यते."

दीपाताई पोळपाट तसाच टाकून बाहेर आल्या. "येड लागलं काय तुमाले? चालवायची नाही तर नका चालवू. भिंत कायले?"

"काल मी चावी लावलती, दीपा." सरांचा आवाज एकदम खाली आला. "त्या बाईच्या कडेवरचं लेकरू मले रोज दिसते. तरी मी चावी लावली. माह्या हातावर माहाच भरोसा नाही राह्यला. विकू म्हणशील तर तेही होऊन नाही राह्यलं. भिंत घालू दे."

दीपाताई आत गेल्या. मिस्त्रीनं विटा भिजवल्या. गल्ली आधी कमरेइतकी झाकली गेली, मग खांद्याइतकी. शेवटी मला समोर फक्त विटा दिसू लागल्या.

मित्रांनो, चाकं असून चार भिंतींत राहणं कसं असतं, ते मला विचारा. टायरातली हवा हळूहळू गेली आणि मी खाली बसत गेले. पलीकडून ट्रॅक्टर जायचे, सायकली जायच्या, भंगारवाल्याची हाक यायची. सकाळी घराच्या पुढून पांढरी गाडी सुरू झाल्याचा आवाज येई. मला तिचा हेवा वाटायचा. दिवसभर धूळ खाऊन ती परत यायची, आणि मी जागेवरच धूळ खायचे. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. दोडक्याचा वेल स्टीअरिंगला गुंडाळून वर चढला. सर आधी रोज यायचे, मग आठवड्यानं, मग येईनासे झाले. कधी खिडकीतून दिसायचे. खिडकीला गज होते. सरांकडं बघताना वाटायचं, भिंत माझ्या एकटीभोवती घातलेली नाही. शाळेतही त्यांना दीपाताईच सोडायच्या आणि आणायच्या. ते पांढऱ्या गाडीत मागच्या सीटवर बसतात, असं इंदूबाई शेजारणीला सांगताना मी ऐकलं. पुढं बसायलाही त्यांना नको वाटायचं.

इंदूबाई गेल्या. उर्वशी शिकायला अमरावतीला गेली. पांढऱ्या गाडीचं इंजिन काम मागू लागलं आणि उर्वशीच्या शिक्षणातून दुरुस्तीला पैसे उरेनात, तेव्हा सरांनी मला विकायचं ठरवलं. एका दुपारी भंगारवाला आला. त्यानं भिंत पाहिली, बाजूची बोळ पाहिली आणि म्हणाला, "अख्खी तर निघत नाही सर. गॅस कटरनं तुकडे करू, बोळीतून नेऊ."

"न्या," सर म्हणाले. एवढंच. भंगारवाल्यानं इसाराचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले.

ठरल्या सकाळी दोन माणसं सिलिंडर ओढत आली. एकानं माझ्यावरचा वेल ओढून काढला. "सर, बाजूला व्हा. ठिणग्या उडतात."

"थोडा वेळ बसतो," सर म्हणाले आणि माझ्यात बसले. माणसांनी बिड्या पेटवल्या. बिड्या संपल्या. सर बसलेलेच होते.

"सर, उठता ना?"

"उठतोच आहे," ते म्हणाले. पण उठले नाहीत. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, स्टीअरिंगला बोटही लावलं नव्हतं. दीपाताई कामावर निघाल्या होत्या, खांद्याला पर्स होती. बोळीतून येऊन त्या समोर उभ्या राहिल्या.

"अहो, काय झालं?"

"दीपा, उठता येऊन नाही राह्यलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "काही दुखत नाही. आकडीही नाही. पण उठता येऊन नाही राह्यलं."

दीपाताईंनी सरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग भिंतीकडं. त्यांनी पर्स माझ्या बॉनेटवर ठेवली. "भाऊ, तुमी जा," दीपाताई त्या माणसांना म्हणाल्या. "इसार वापस देतो मी. गाडी विकायची नाही."

"आता काहून?" सर म्हणाले. "मले तर चालवता येत नाही."

"घरात ड्रायव्हर तुमीच एकटे हाये काय? मी रोज चालवतो ना गाडी?"

"पण तुले ही आवडतच नव्हती."

"मले भ्या वाटे हिचं. आवडत नाही असं कधी म्हणलं म्या?" दीपाताईंनी भिंतीकडं बोट केलं. "तुमी मले विचारलंच नाही. भिंत घालाच्या आधीबी नाही विचारलं."

सरांनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, "नाही विचारलं. चुकलं माहं."

पुढच्या रविवारी उकंडा मिस्त्रीनं स्वतः बांधलेली भिंत फोडली. पहिली वीट निघाली तेव्हा गल्लीतला उजेड माझ्या फुटक्या दिव्यावर पडला. मेकॅनिक आला, वायरी बदलल्या, टायर आले. पांढऱ्या गाडीचं काम महिनाभर पुढं ढकललं गेलं, आणि तेवढे दिवस दीपाताई एसटीनं कामाला गेल्या. नवं फाटक लागलं. माझी चावी आता दीपाताईंकडं असते, आणि सर ती कधी मागत नाहीत.

पहिल्या दिवशी दीपाताईंनी मला बाजाराच्या मोकळ्या मैदानावर नेलं. सर डावीकडं बसले होते. पहिला गिअर ठीक पडला. पण माझा दुसरा गिअर फार हट्टी आहे, त्याला मनगटात जोर लागतो. दीपाताईंनी ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. मी नुसती करकरले. भीतीनं त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं, पण डोळे उघडे होते.

"माह्यानं नाही पडत हा," त्या म्हणाल्या. "मी क्लच दाबतो. तुमी टाका."

सरांनी डॉक्टरांचे शब्द आठवल्यासारखं त्यांच्याकडं पाहिलं.

"गाडी मीच चालवून राह्यलो ना?" दीपाताई म्हणाल्या. "तुमी फक्त गिअर टाका. हं, दाबला."

सरांनी दांड्यावर हात ठेवला. किंचित मागं, मग डावीकडं, मग खाली. दुसरा गिअर अलगद बसला. माझा वेग वाढला, मैदानातली धूळ मागं राहू लागली. दीपाताई मोठ्यानं हसल्या. त्यांना माझ्यात हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"आता तिसरा," सर म्हणाले.

"थांबा जरा, घाई करू नका. मी सांगतो तवा."

मित्रांनो, आता कुणी विचारलं तर मी सांगते, होय, मी चालते. दोघं मिळून मला चालवतात. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरामागं एखादी गाडी उभी असेल, तर अधूनमधून तिच्यात हवा भरा, तिला सुरू करा. लोखंडालाही उभं राहून राहून गंज चढतो. आणि घरातल्या कुणाला आवडीचं एखादं काम सोडावं लागलं असेल, डॉक्टरांनी नको म्हटलं असेल, तर ते नकोच. तिथं हट्ट करू नका. पण त्या माणसाला मागच्या सीटवर बसवून विसरू नका. त्याला शेजारी घ्या, आणि त्याच्या हाताला झेपेल एवढं काम त्याच्याकडं राहू द्या.