कात्री न लागलेल्या चौकटी

वनजाबाईंनी गोधडीची पहिली चौकट शिवून टेबलावर ठेवली, तर टेबलच वाकडं दिसायला लागलं. त्यांच्या नवऱ्यानं, भुजंगरावांनी, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारला. दुसरी चौकट झाली तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर कलंडलं. तिसरीनंतर म्हैसूरच्या चामराजपुरममधल्या त्या गल्लीत दूधवाल्याची सायकलसुद्धा तिरकी चालायला लागली. खोटं वाटत असेल तर शेजाऱ्यांना विचारावं.

नमुना त्यांच्या लेकीनं, वेदवतीनं, मोबाइलवर बघून निवडला होता. मधोमध लाल चौकोन, त्याच्या चारी अंगांनी एकीला लागून एक पट्टी, ओंडके रचून घर उभारतात तशी. दोन बाजू फिकट, दोन गडद. अशा चौकटी एका मापाच्या करायच्या आणि जोडायच्या. मेख त्या मापातच होती. शिलाई दोराभर आत गेली की चौकट आक्रसायची, पट्टी मशीनखाली ओढली गेली की कडेला लाटा यायच्या. आणि एक पट्टी तिरकी बसली की पुढची तिच्याच अंगावर शिवायची, म्हणजे तीही त्याच वाटेनं. इलाज सोपा होता. प्रत्येक फेरा झाला की कडा कापून चौकट काटकोनात आणायची.

नेमकं तेच या घरात चालत नव्हतं. तान्ह्यासाठीचं कापड आधी हवं तसं कापा. एकदा त्यात सुई शिरली की पातं बंद. दोरासुद्धा दातानं तोडायचा. नाहीतर म्हणे बाळाचं आयुष्य कापलं जातं. म्हैसूरच्या फौजेतल्या कुणा घोडेस्वार पूर्वजाच्या बायकोनं घालून दिलेला हा नियम. त्याची राखण भुजंगरावांची थोरली बहीण जयलक्ष्मीआक्का करत. त्या पूर्वजाच्या घोड्याची उंची आक्का दर वर्षी वीतभर वाढवत, नियम मात्र केसभर हलू देत नसत.

वनजाबाई पूर्वी या नियमाला हसत. गेल्या खेपेला वेदवती बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा त्यांनी दुपटं शिवलं होतं. एक कड वाकडी दिसली म्हणून कात्रीनं सरळ केली. बाळ जन्मलं, ते रडलंच नाही. त्यावर आक्कांनी एक शब्द काढला नाही. काढला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

आता वेदवती पुन्हा आली होती, दिवस भरत आलेले. अन् चौकटी काही केल्या जुळत नव्हत्या.

"अगं, ही वर मंड्याकडे निघालीय आणि ही खाली नंजनगूडला," भुजंगराव म्हणाले. "यांची गाठ पडायची कुठं?"

"बोलू नका. ते टोक धरा."

वनजाबाईंनी चौकट ओली केली आणि दोघं दोन बाजूंनी ओढत बसले. एवढे ओढत बसले की भुजंगरावांचा हात लांबून बाहीतून कोपरापर्यंत बाहेर आला. चौकट होती तशीच राहिली. मग पाट्याखाली दाबून झाली, इस्त्रीखाली भाजून झाली. वाळली की पुन्हा आपलं तेच तिरपांगडं अंग दाखवायची. वनजाबाई उसवायच्या, शिवायच्या, पुन्हा उसवायच्या. कापड विरायला लागलं.

दुपारी वेदवतीनं दोन चौकटी शेजारी ठेवल्या. कोपऱ्यांत दोन बोटांचं अंतर पडलं.

"अम्मा, साकु. पुरे झालं. कापू या."

"नको गं."

"का?"

वनजाबाईंनी दोरा दातात धरला. "उसवून बघते परत."

"का ते मला माहितीय. आत्यांनी नाही सांगितलं. हिरड्या सुजेपर्यंत दोरे तोडतेस, मला दिसत नाही?" वेदवती पोटाला हात देत खुर्चीवर टेकली. "तू ती कात्री धरून बसलीयस. मी जिने धरून बसलेय. तेव्हा सासरचे दोन मजले रोज चढत होते ना मी. आपण दोघी एकमेकींना बोललोच नाही."

"जिन्यानं काही होत नाही गं!"

"मग कात्रीनं होतं?"

वेदवतीनं पिशवीतून मोजपट्टी आणि गोल पात्याचं कटर काढलं, पिझ्झा कापतात तसलं.

पलंगावर लवंडलेल्या आक्का ताडकन उठल्या. "अय्यो! वेदे, ठेव ते. वनजा, अगं सांग की तिला!"

"आत्या, शिवलंय अम्मानं, कापतेय मी. दोष कुणाला लागतो ते तुमच्या घोडेवाल्या आजीला विचारून ठेवा," वेदवती म्हणाली, आणि मोजपट्टी चौकटीवर ठेवून तिनं कटर टेकवलं. "अम्मा, मोजपट्टी धर. दोन्ही हातांनी. हलली तर माझं बोट जाईल."

वनजाबाईंना हात मागे घ्यायचे होते. पण पट्टी ठेवली गेली होती, कटर टेकलं होतं आणि लेकीचं बोट पात्याला लागून होतं. सोडावी तर तिला इजा, धरावी तर हे पुन्हा आपल्याच हातून. टेबलाच्या कडेला वेदवतीचं पोट टेकलं होतं. त्यांनी डोळे मिटले.

"डोळे उघड अम्मा, पट्टी सरकतेय."

त्यांनी उघडले. सगळा भार पट्टीवर टाकला. पातं करकरत गेलं आणि लाल-पिवळी चिंधी बाजूला पडली. आक्का भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होत्या.

वेदवतीनं चौकट फिरवली. "आता ही बाजू."

वनजाबाईंनी पट्टी उचलली आणि त्या कडेवर ठेवून दोन्ही हातांनी दाबली.