उताणे तळहात

हिलरी एंटविसलने दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवले, खांदे सैल सोडले आणि समोर बसलेल्या मिसेस ऑर्मरॉड यांच्या नजरेला नजर दिली. पावले जमिनीला सपाट. मान किंचित पुढे. सोमवारी याच खोलीत, आता तिच्या शेजारी बसलेल्या रुग्णसुरक्षा विभागाच्या फेअरहर्स्टसाहेबांनी तिच्याकडून हे चार वेळा करून घेतले होते. चूक घडली की कुटुंबाला समोर बसवून सत्य सांगावे, असा सरकारी आरोग्यसेवेचा नियम होता; आणि सत्य सांगणारा मनुष्य कसा बसतो हे शिकवण्यासाठी साहेबांजवळ सोळा पानांची पुस्तिका होती.

"नाकाला हात लावायचा नाही, सिस्टर," ते म्हणाले होते. "हाताची घडी तर मुळीच नको. हात झाकले की माणूस काहीतरी झाकतोय असं वाटतं."

मिसेस ऑर्मरॉड यांनी मांडीवरची पर्स घट्ट धरली होती. त्यांचे यजमान स्टॅन्ली अर्धांगवायूने वॉर्डात दाखल झाले होते. त्यांना धड गिळता येत नसे. पावडर घालून दाट केलेलेच पेय द्यावे, अशा सूचनेचे निळे कार्ड त्यांच्या उशाशी भिंतीवर लावलेले असे. त्या मंगळवारी त्यांना साधा, पातळ चहा मिळाला. तो श्वासनलिकेत गेला आणि शुक्रवारी ते वारले.

"मला एवढंच सांगा," बाई म्हणाल्या, "कार्ड होतं की नव्हतं?"

प्रश्न नोरीन क्लेगला होता. अकरा वर्षे वॉर्डात चहाची गाडी फिरवणारी ही एकसष्ट वर्षांची बाई टेबलाच्या टोकाशी बसली होती. नजर टेबलाच्या कडेवर, हात एप्रनखाली.

"नव्हतं," ती म्हणाली. "मला तरी दिसलं नाही. मी विचारलं, स्टॅन, साखर किती? त्यांनी दोन बोटं दाखवली. मी म्हटलं, बायकोला सांगत नाही हं."

"घरी मी एकच चमचा घालायचे," मिसेस ऑर्मरॉड म्हणाल्या. मग त्यांचा आवाज कोरडा झाला. "माझ्याकडे बघून बोला."

नोरीनने प्रयत्न केला. तिची नजर बाईंच्या कोटावरच्या पिनेपर्यंत चढली आणि परत उतरली.

"आणि हात का लपवताय?"

एप्रनखाली काहीतरी हलले.

हात का लपलेत, हे हिलरीला ठाऊक होते. नोरीनच्या बोटांची पेरे संधिवाताने आल्याच्या गड्ड्यांसारखी वेडीवाकडी झाली होती. रोज सकाळी ती दुधाच्या बाटल्या एकेक करून हिलरीसमोर धरी. "फिरवा झाकण, सिस्टर, नाहीतर आज सगळ्यांना काळा चहा." ते हात कार्यालयाच्या दृष्टीस पडले असते तर गाडी केव्हाच काढून घेतली असती.

हिलरीला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. त्या मंगळवारी नव्या रुग्णाला जागा करा म्हणून अपघात विभागातून तीन फोन आले होते. चौथा येण्याआधी तिने स्वतः स्टॅन्लींचा पलंग खिडकीपासून दारापाशी ढकलत नेला. जो पलंग हलवील त्याने कार्डही हलवावे, अशी वॉर्डाची रीत होती. तिने कार्ड काढले. तेवढ्यात फोन वाजला आणि कार्ड तिच्या खिशात गेले. त्याची आठवण तिला झाली तेव्हा डॉक्टर नळी घालून स्टॅन्लींच्या घशातला चहा ओढून काढीत होते. त्या गडबडीत तिने ते नव्या जागी भिंतीवर लावले. कोणी पाहिले नाही.

"सिस्टर, तुम्ही सांगा," मिसेस ऑर्मरॉड म्हणाल्या.

हिलरीची बोटे आत वळू लागली होती. तिने ती सरळ केली.

"कार्ड भिंतीवर होतं. ते वाचलं गेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं."

बाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. नंतर पर्स सोडून त्यांनी आपला हात तिच्या उघड्या तळहातावर ठेवला.

"तीन आठवड्यांत माझ्या डोळ्यांत बघून बोललेली तू पहिली, पोरी."

हिलरीचा तळहात कोरडा होता.

बाहेर आल्यावर फेअरहर्स्टसाहेब हळूच म्हणाले, "उत्तम. पुढच्या वर्गाला तुम्हीच या. नव्या लोकांना दाखवता येईल." नोरीनला त्यांनी सोमवारपासून येऊ नका म्हणून आतच सांगितले होते.

नोरीन वॉर्डाच्या स्वयंपाकघरात आपला मग आणि सपाता पिशवीत भरीत होती. दुपारची फेरी अजून उरली होती.

"उपकार झाले, सिस्टर."

"कसले?"

"हातांचं बोलला नाहीत ते. आता निदान दुसरीकडे कुणी भांडी विसळायला तरी ठेवील." तिने पिशवी बाजूला सारली. "कार्ड मला खरंच दिसलं नाही हो. मी रोज ती भिंत डोळ्यांसमोर आणते. रिकामीच येते. पण तुम्ही म्हणताय म्हणजे असेल. हातांच्या मागोमाग डोळेही निघाले म्हणायचे." ती स्वतःशीच हसली आणि दुधाची बाटली पुढे केली. "एवढी शेवटची फिरवून द्या."

हिलरीने बाटली घेतली. झाकण एका फिरकीत निघाले. थेंबही सांडला नाही.

"बघा," नोरीन कौतुकाने म्हणाली, "तुमचे हात कधी थरथरायचे नाहीत."

हिलरीने बाटली गाडीवर ठेवली आणि हाताची घडी घातली.