आतून वाजलेलं दार

असोद्याला तोताराम आबांच्या अंगणात भरताची वांगी भाजली जात होती. कापसाच्या काड्यांचा जाळ, ओट्यावर कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ, आणि मुलगा हितेंद्र संध्याकाळी जळगावहून जेवायला येणार म्हणून घरात गडबड. वांगी सोलता सोलता सून मोहिनीचा हात थांबला. छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या, अंगाला दरदरून घाम फुटला.

"आई, दम कोंडतोय," ती सासूला म्हणाली.

 हेच शब्द कुंदाबाईंनी पूर्वी एकदा ऐकले होते, बंद दाराआडून.

मोहिनीचा हा पहिला झटका नव्हता. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलं होतं, "हृदय ठणठणीत आहे. हा घबराटीचा झटका, यानं जीव जात नाही. पाय जमिनीला टेकवायचे, श्वास हळूहळू, लांब सोडायचा. आणि जवळच्या माणसांनी शांत राहायचं." कुंदाबाई तेव्हा शेजारीच बसल्या होत्या. पण घरी आल्यावर त्या गप्प राहिल्या, कारण घरानं आपलं निदान आधीच करून ठेवलं होतं: दिपमालानं झपाटलंय!

दिपमाला या घरचीच लेक. परीक्षा जवळ आली की तिलाही असंच व्हायचं. भगत रुपचंदनं तिला कोठीच्या खोलीत कोंडलं आणि लाल मिरच्यांची धुरी दिली. पोर आतून दार बडवत ओरडली, "आई, दम कोंडतोय!" रुपचंद म्हणाला, "हे तुमची पोरगी नाही बोलत, तिच्यातली बाई बोलू राहिली. उघडू नका." शिकलीसवरली गल्ली हात जोडून उभी राहिली. दार उघडलं तेव्हा आत आवाज नव्हता. ज्यांनी मारलं ते उजळ माथ्यानं फिरले, आणि मेली तिला भूत ठरवलं. केवढा हा न्याय!

आबांनी फोन केला तसा रुपचंद आला. म्हातारा झाला होता, पण हातात तेच निखाऱ्यांचं घमेलं होतं.

"कोठीत न्या तिले," तो म्हणाला.

मोहिनीनं उंबरा घट्ट धरला. "आई... आई..."

"पाहा, दिपमालाच हाक मारू राहिली मायले."

कुंदाबाईंनी पाण्याची कळशी उचलली आणि घमेल्यात रिकामी केली.

"माही पोरगी काहाले कोणाले झपाटीन? तिचा जीव तुमच्या धुरानं गेला, आन् कडी मी लावली व्हती! रुपचंद भाऊ, चालते व्हा. उद्या मी पोलिसात जाते. सगळ्यांचं नाव सांगीन, माह्यासकट."

"अवो, लोक काय म्हनतीन?" आबा पुटपुटले.

"लोकायचं ऐकलं ना एकदा. पोर गेली."

त्या मोहिनीजवळ बसल्या. तिचे पाय ओल्या जमिनीवर टेकवले, पाठीवर हात ठेवला. "सोड श्वास. आस्ते. आजून सोड. मी आहे ना." स्वतःही तिच्याबरोबर श्वास सोडत राहिल्या. हळूहळू मोहिनीच्या चेहऱ्यावर रंग आला. रुपचंद कधीच निघून गेला होता. आबा खाली मान घालून बसले होते.

कुंदाबाईंना मात्र ते दार अजूनही आतून वाजताना ऐकू येत होतं. त्या उठल्या, कोठीची कडी काढली, दार सताड उघडलं आणि रिकाम्या खोलीला म्हणाल्या,

"ये वं माय, बाहीर ये."