उजवीकडचं काळीज

दोंडाईच्यात माघाचं कोवळं ऊन अंगणभर पसरलेल्या लाल मिरच्यांवर उतरलं, की त्यांचा उष्ण, तिखट गंध आणि माझ्या आत्याचं, अक्काचं, खळाळतं हसू ही दोन्ही एकदमच घरात शिरत. ती हसली की तिचा सगळा देह हसे. हातातलं सूप थरथरे, बांगड्या किणकिणत.

गेल्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचं धुकं दाटलं. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीसाठी मी तिला धुळ्याला नेलं. हृदयाचा आलेख विचित्र उमटला. तारा उलट लागल्या असतील म्हणून पुन्हा काढला, तरी तसाच. डॉक्टरांच्या कपाळावर आठी चढली. मग त्यांनी छातीवरचा स्टेथोस्कोप सावकाश उजवीकडे सरकवला, डोळे मिटून ऐकलं आणि हसले. "आजींचं हृदय उजव्या बाजूला आहे. आणि ठणठणीत आहे."

परतीच्या बसमध्ये अक्कानं तिच्या अहिराणीत, हे असं कसं झालं म्हणून विचारलं, "हाई कसं व्हयनं व?"

मी पेशीविज्ञान शिकते, पण ते आपल्या माणसाला प्रथमच सांगत होते. आपल्या बहुतेक पेशींत प्रथिनांचा एक इवला पुंजका असतो, सेंट्रोसोम. पेशी दुभंगायची वेळ आली की त्याचे दोन होतात, दोन टोकांना जातात आणि धागे ताणून वारसा दोन्ही लेकींना समसमान वाटतात. ते काम सरलं, की त्याचाच एक अंश पेशीच्या काठाशी जाऊन केसाहून कितीतरी बारीक लव उभारतो. गर्भात ती लव भिरभिरते, भोवतीचं पाणी डावीकडे वाहू लागतं, आणि त्या प्रवाहावरून काळजाला आपली बाजू कळते. अक्काच्या वेळी तो प्रवाह बहुधा चुकला असावा.

खिडकीबाहेरच्या कपाशीवरून नजर काढून ती माझ्याकडे वळली. "मंग देवनी डोया झाकीसन ठेवं व्हई," ती म्हणाली, "पन ठेवं ते शे." डोळे झाकून का होईना, देवानं ठेवलं तर आहे, एवढंच तिला पुरे होतं. आणि तिचं हसू बसभर सांडलं.

शस्त्रक्रिया झाली, डोळे निवळले. मग कित्येक दिवस गल्लीतल्या बाया कौतुकानं तिच्या उजव्या बरगडीवर हात ठेवून जात, आणि ती नव्या नवरीसारखी लाजे.

दोंडाईच्याहून निघताना मी तिला मिठी मारली. छातीशी छाती भिडते तेव्हा एरवी दोन काळजं एकमेकांना हुकतात. तिचं मात्र नेमकं माझ्या काळजासमोर धडधडत होतं. आता मी दूरच्या शहरात आहे. काळ पुढे जातो, माणसं मागे राहतात. पण कधी निवांत बसले की माझ्या ठोक्याला समोरून एक ठोका उत्तर देतो, आणि तो कोणाचा, हे आठवणीला विचारावं लागत नाही.