लिंपलेली कणगी

एकोणीसशे शहाण्णवच्या उन्हाळ्यात बदलापूरच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला आणि निवृत्त गणितशिक्षक म्हणून सुट्टीतला वर्ग माझ्याकडे. एके दिवशी मी पोरांना स्प्रेडशीटवर घातांकी वाढ दाखवत होतो. एका उभ्या रांगेत आठवडे लिहायचे. शेजारी पहिली मोजणी गुणिले ईएक्सपी, म्हणजे घातांकाचं फंक्शन, कंसात वाढीचा दर गुणिले आठवडा. मग सूत्र खाली ओढायचं.

"सर, ह्यात सोंडे चालतील?" राहीने विचारलं.

ती सोनिवलीपलीकडच्या ठाकरवाडीतली, नववीत गेलेली. घरी बियाण्याच्या कणगीला बुडाशी तडा गेला होता. तिथून गळणारे हे भातातले किडे ती दर रविवारी मोजत होती.

तिच्या मोजणीवरून दर काढला, सूत्र ओढलं. वरचे आकडे अगदी गरीब. मेअखेर ते हजारांत गेले, आणि त्याखाली तर खान्यात मावेनात; नुसत्या फुल्या उमटल्या.

"राहे, तुमची कणगी आहे की गोडाऊन?" मागच्या बाकावरचा कान्हा खिदळला.

"एवढे काही होत नाहीत," मी समजावलं. "वाढ कधीतरी थांबतेच."

"कधी थांबते?" राही म्हणाली.

"दाणे संपले की."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. तिची आई भिकी अंगण सारवत होती.

"कणगी आजच फोडा, भात उन्हात घाला," मी म्हटलं.

"कशी फोडू, गुरुजी? राहीच्या बापानं लिंपलीय. ज्यानं लिंपली त्यानंच फोडायची. फोडताना दुसरा हात लागला तर बी रुजत नाय."

"मग बारकूला बोलावून घ्या."

"कुठून? मुकादम त्यांना वीटभट्टीवर घेऊन गेला. कुठली भट्टी, त्यालाच ठावं. पावसाच्या तोंडाला येतील."

मी छापलेला कागद पुढे केला. "तोवर पेरायला काही उरणार नाही, बाई."

"कागदावरचे किडे मला कशाला दावता? आत कुरकुरतात, ते रोज ऐकते मी."

तिने सारवणाचा गोळा उचलला आणि दारातल्या कणगीच्या तड्यावर थापला. मी कागदाची घडी करून खिशात घातली.

पुढच्या वर्गाला राही सगळ्यांआधी आली. तिने दराच्या खान्यात शून्य घातलं. सगळ्या रांगेत वरपासून खालपर्यंत एकच आकडा आला.

"सर, असं नाही करता येत?"

"इथे येतं."

पोरं जमू लागली. शीट बंद करायला मी हात पुढे केला.

"राहू द्या ना थोडं," ती म्हणाली.