आयता चहा

चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेनंतर चहाचे कप टेलरकाकूच विसळायच्या. दुसऱ्या कुणी हात लावला की त्यांचं डोकं फिरायचं. आज उजवा हात प्लास्टरमध्ये होता, तरी बाई नळापाशी हजर! शेवटी त्यांच्या नर्स मैत्रिणीने त्यांना ओढतच खुर्चीत बसवलं, स्वतः कप विसळले आणि चहा आणून दिला.

"मी आज काडीचं काम केलं नाही. मला कसला चहा?" काकू फणकारल्या.

"अगं बये, इतकी वर्षं काय मजुरी म्हणून पीत होतीस? गप पी!"

चहाला साबणाचा वास येत होता. 'कप नीट विसळला नाहीस' असं काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं आणि रिकामा कप पुढे केला.

"अजून आहे का गं?"